दोऱ्यावरचा पाय

सोमवार, ३ तारीख

ही वही डॉक्टरीणबाईंच्या हुकमाने सुरू केली आहे. त्या म्हणाल्या, "मास्तर, रोजचं लिहून ठेवा. श्वास कसा, पायाची सूज किती, गोळ्या कधी दिल्या. तोंडी विचारलं की तुम्ही सगळं बरंबरंच सांगता." आता बरं ते बरंच सांगणार ना माणूस! पण बाईंपुढे आपली डाळ शिजत नाही. चाळीस वर्षं कोट शिवतोय. गिऱ्हाइकांची मापं लिहून वह्या भरल्या, बायकोच्या पायाच्या सुजेची मापं लिहीन असं वाटलं नव्हतं.

हिचं हृदय थकलं आहे. कान तर दहा वर्षांपूर्वीच्या तापातच गेले. बोलते मात्र स्पष्ट. माझं बोलणं ओठांवरून ओळखते, आणि माझी मिशी जरा वाढली की भांडते. फारच अवघड असेल तर पाटीवर लिहून दाखवायचं.

मी बाहेरच्या खोलीत मशीनवर, ही आतल्या खोलीत पलंगावर, मध्ये जाड भिंत. हाक मारायचा दम तिला राहिला नाही. म्हणून मी डोकं चालवलं. काजाचा जाड दोरा दुहेरी पिळून, मेण लावून, मशीनच्या लोखंडी पायाला घट्ट बांधला, दाराच्या चौकटीतल्या भोकातून आत नेला आणि पलंगाच्या कठड्याला ताणून बांधला, तिचा हात सहज पडेल असा. मशीनजवळ त्याला लेकीच्या लहानपणच्या खेळण्यातली पितळी घंटा अडकवली. हिने दोरा ओढला की वाजते. म्हणून वहीत एक रकाना मी पदरचा वाढवला आहे.

श्वास बरा. सूज घोट्यापर्यंत. घंटा: नऊ.

बुधवार, ५ तारीख

घंटेने वैताग आणला. पायडल मारून गुडघे भरून आले की मी दोन मिनिटं टेकतो. टेकलो की टण्ण! धावत आत जावं तर ही निवांत पडलेली. "काय झालं?" तर म्हणते, "काही नाही. चालू द्या."

आज असं पाच वेळा झालं. काम चालू असताना एकदाही नाही, थांबलो की बरोबर. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय! मला वाटतं झोपेत हिचा हात हलत असावा.

दुपारी जेवताना म्हणाली, "सकाळी जाड कापड होतं ना?" होतं. ओव्हरकोटाची कॉलर. म्हटलं, तुला कसं कळलं? हसली नुसती. बायकोपुढे नवऱ्याचं काही लपत नाही हेच खरं.

घंटा: अकरा.

गुरुवार, ६ तारीख

हिच्या खिडकीत कोळ्याने जाळं केलं आहे. मी केरसुणी घेऊन गेलो तर ही उठून बसली! चार दिवस कूस बदलायला माझा हात लागतोय आणि कोळ्यासाठी उठून बसली. "हात लावाल तर बघा. आणि कोळी नाही, कोळीण आहे. पोट बघा केवढं."

केरसुणी ठेवून दिली. वर फर्मान सुटलं की वहीत तिचंही लिहायचं. "माझ्या सुजेपेक्षा तिचं वाचायला डॉक्टरीणबाईंना बरं वाटेल." घ्या!

तर कोळिणीबद्दल. बोराएवढी आहे, अंगावर तपकिरी नक्षी. भल्या पहाटे ती कामाला लागते. आधी चौकट आखते, मग सायकलच्या चाकासारखे मधून आरे ओढते. मग मधून बाहेर विरळ फेरे घालते. हे नुसते कच्चे टाके! कारण नंतर बाहेरून आत येताना खरे चिकट फेरे दाट घालत येते आणि कच्चे टाके उसवत येते. मी खिडकीपाशी उभा तो उभाच. कच्ची शिलाई आधी, पक्की नंतर, मग कच्ची काढून टाकायची. तिला कोणत्या उस्तादाने शिकवलंय?

मी हे पाटीवर लिहून दाखवलं. ही म्हणाली, "बघा, तुमच्याच धंद्यातली निघाली."

रविवार, ९ तारीख

लेक आली. शाळेत शिकवते, रविवारचीच मोकळी असते. आल्याआल्या जाळं बघून झाडू शोधायला लागली. आईने डोळे वटारले तशी गप्प बसली. मायलेकी खिडकीशी बसून गप्पा मारत होत्या. लेक ओठ हलवते, आवाज काढत नाही, आणि त्यांचं जे काय चालतं ते मला भिंतीपलीकडे कळत नाही. असू दे. रविवारी मला तेवढी विश्रांती.

दुपारी माशी अडकली. कोळीण मधोमध डोकं खाली करून बसलेली, झपकन धावली. माशीला पायांनी गरागरा फिरवत धागा गुंडाळला. आपण रिळावर दोरा भरतो तसंच. मग चावा घेतला आणि सावकाश मध्ये घेऊन आली. लेक म्हणाली, "ई!" ही म्हणाली, "ई काय? तुझ्या आईला एवढी झटपट पोळी गुंडाळता आली असती तर तुझ्या आजीने कधी बोल लावला नसता."

हसताना ठसका लागला. बराच वेळ श्वास सापडेना. हे लिहायलाच हवं, म्हणून लिहिलं.

घंटा: तीन. लेक होती म्हणून असेल.

मंगळवार, ११ तारीख

काल जाळ्याला भगदाड पडलं होतं. एक जाडा पतंग आपटला आणि अंगावरची पूड धाग्यांना सोडून निसटला. मला वाटलं, आता रफू करेल. छे! संध्याकाळी बाईसाहेबांनी सगळं जाळं गोळा करून चक्क खाऊन टाकलं, आणि आज पहाटे नवं कोरं तयार. जुनं कापड खाऊन नवं ठाण काढता आलं असतं तर आम्ही शिंपी कुठल्या कुठे गेलो असतो.

आज गांधीलमाशी अडकली. कोळीण जवळ गेली, पायाने चाचपलं, थबकली. मग भोवतीचे धागे एकेक करून तोडले. गांधीलमाशी पडली आणि उडून गेली. ही म्हणाली, "शहाणी आहे. झेपत नाही ते सोडून द्यायचं." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, पाणी हवं का? नको म्हणाली.

सूज पोटरीपर्यंत.

बुधवार, १२ तारीख

मला म्हातारपणी खोडी सुचली. गवताच्या काडीने जाळं हलवलं. कोळीण धावत आली, काडी चाचपली, परत गेली. पुन्हा हलवलं, तर ढिम्म! वाऱ्याने जाळं हलतं तेव्हाही ती हलत नाही. वारा कुठला, काडी कुठली, माशी कुठली, सगळं तिला वेगवेगळं कळतं.

ही म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना एकदाच फसवू शकता. मलाही एकदाच फसवलंत." लग्नाआधी मी स्वतःचं दुकान आहे असं सांगितलं होतं. तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात काजं करत होतो. चाळीस वर्षं झाली, बाई विसरत नाही.

घंटा: बारा. त्यातल्या दहा थांबल्यावर. पायांना उसंत म्हणून नाही.

शनिवार, १५ तारीख

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. वही वाचून हसल्या. मग हिला तपासलं आणि हसू गेलं. दाराशी मला म्हणाल्या, "मास्तर, आता फार ताण नको त्यांना. हाताचासुद्धा नको. दोरा ओढायलाही जोर लागतो." मी विचारलं, बरी होईल ना? म्हणाल्या, "त्रास कमी करू आपण." उत्तर माझ्या प्रश्नाचं नव्हतं, एवढं मलाही कळतं.

पण दोऱ्याचं बरोबर बोलल्या. माझ्याच लक्षात यायला हवं होतं.

सोमवार, १७ तारीख

वायरमनला बोलावून विजेची घंटा बसवली. हिच्या उशाशी पांढरं बटण, बोट टेकलं की पुरे, आणि माझ्या डोक्यावर टर्रर्र. दोरा काढून टाकला. हात हलून उगीच वाजायचाही प्रश्न मिटला. आयुष्यभर हिला काही नवं घेऊन दिलं नाही, हे तरी दिलं.

मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आता नुसतं बोट लाव." हिने वाचलं, बटणाकडे पाहिलं, कठड्यावर हात फिरवला. म्हणाली, "दोरा बरा होता." मी म्हटलं, होईल सवय. मग म्हणाली, "छान आहे हो. हौसेने केलंत."

घंटा: एक.

मंगळवार, १८ तारीख

घंटा: शून्य! काम भराभर झालं. मध्ये तीन वेळा टेकलो, चूं नाही. बटणाचा गुण.

जेवताना विचारलं, "आज बसला होता ना कामाला?" म्हटलं, दिवसभर मशीन धडधडतंय! "हो का," म्हणाली. भात अर्धा टाकला.

शुक्रवार, २१ तारीख

रोज तोच प्रश्न. बसला होता ना? कुठे बाहेर गेला होता का? मी कुठे जाणार? औषधाने डोकं जड होत असावं. बाईंना विचारायला हवं.

काढलेल्या दोऱ्याचा तुकडा तिने बोटाला गुंडाळून ठेवला आहे. टाकू देत नाही. म्हणाली, "पुन्हा बांधा ना तो." मी समजावलं, अगं, बाईंनी सांगितलंय, जोर करायचा नाही. "ओढणार नाही मी. नुसता बांधा." न ओढायचा दोरा बांधून काय वाळवणं घालायची? मी ऐकलं नाही. हट्ट किती पुरवायचे?

घंटा: शून्य.

सोमवार, २४ तारीख

काय हे आक्रीत! अस्तर कापत होतो, मान वर केली तर ही दारात उभी. भिंतीला धरून. ओठ निळे. मी धावलो, धरलं, उचलूनच नेलं. काही वजनच राहिलेलं नाही. आणि मग ओरडलो. तिला ऐकू येत नाही तरी ओरडलो. "बटण आहे ना! बटण दाबायचं!"

ती म्हणाली, "बटण दाबलं की तुम्ही येता."

"मग? त्यासाठीच आहे!"

"मला तुम्ही यायला नको होतं. तिथे असायला हवं होतं."

मनाला फार लागलं. मी नको? एवढं रात्रंदिवस करतो आणि मी यायला नको? दुपारभर एक टाका सरळ पडला नाही. संध्याकाळी जवळ बसलो तर माझा हात तिने आपल्या गालाखाली घेतला. मग नको कशी? बायकांचं मन त्यांनाच ठाऊक. औषधाचंच असेल.

बुधवार, २६ तारीख

कोळीण आता जाळ्यात मध्ये बसत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात एक वाळकं पान गुंडाळून त्यात दडते. मला वाटलं, मेली. हिने बोट करून दाखवलं. पानाच्या तोंडातून एक पाय बाहेर, आणि जाळ्याच्या मध्यापासून निघालेल्या एका ताणलेल्या धाग्यावर तो अलगद टेकलेला.

"तिला नीट दिसत नाही हो," ही म्हणाली. दम खात खात बोलत होती. "ऐकूही येत नसणार. सगळं त्या पायाला कळतं. कोण आलं, केवढं आहे, हललं की थांबलं. पाय धाग्यावर असला की ती घरभर असते."

छान सांगितलं. म्हणून शब्द न शब्द उतरवून घेतला. डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवीन.

सूज गुडघ्याच्या वर.

रविवार, ३० तारीख

सकाळीच वीज गेली. रस्त्यावरचं काहीतरी जळलं, दोन दिवस लागतील म्हणतात. लेक आली होती, तिने आईचं बटण दाबून पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, दोराच बांधा." बांधला. तिच्या बोटाला गुंडाळलेला तुकडा सोडवायला नको म्हणून नवा पिळला, दुप्पट मेण लावलं. तात्पुरता.

मशीनवर बसलो. तास झाला असेल, गुडघे भरून आले, थांबलो. टण्ण!

आत गेलो तर ही हसत होती. दोन आठवड्यांनी हसताना पाहिलं. "काही नाही. चालू द्या."

दोऱ्यात काय जादू आहे देव जाणे. लेक स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसत होती. सर्दी झाली असावी.

घंटा: आठ.

मंगळवार, २ तारीख

वीज आली. दोरा सोडायला गेलो तर हिने माझं मनगट धरलं. राहू दिला. आता वाद नको.

कोळिणीने पानाच्या आत पिवळसर धाग्याची गोळी केली आहे, अंड्यांची. पोट अगदी खपाटीला गेलंय. दोन दिवस नवं जाळं नाही. जुन्यात चिलट अडकलं तरी ती गेली नाही, पाय मात्र धाग्यावर आहे.

ही फार बोलत नाही. जेवण दोन चमचे. दुपारी एवढंच म्हणाली, "काळं कापड आहे का? लोकरीचं?" होतं. वकिलाचा कोट. मी थक्क झालो. भिंतीतून दिसतं की काय हिला?

घंटा: चार.

बुधवार, ३ तारीख

ही गेली.

बुधवार, १० तारीख

आठवडाभर वही उघडली नाही. आज उघडली, कारण ते लिहून टाकलं नाही तर मला झोप येणार नाही.

त्या दिवशी सकाळी वकिलाच्या कोटाची उजवी बाही लावून झाली. मशीन थांबवलं. घंटा वाजली नाही. मी उठून थोडा वेळ तिकडे कान देऊन उभा राहिलो. म्हटलं, लागला डोळा. बरं झालं, किती दिवसांनी लागला. पाऊल न वाजवता परत बसलो, जणू तिला पाऊल ऐकू येणार होतं! आणि डावी बाही लावायला घेतली. अगदी नीट लावली. मनात म्हणतही होतो की आज काम बरं होतंय. मग पाणी द्यायला आत गेलो.

हात दोऱ्यावरच होता. चारही बोटं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेत गेल्या असतील, कळलंही नसेल. असेल. पण मी ती बाही लावत बसलो होतो. वकिलाला कोट दिला. तो म्हणाला, मास्तर, डावी बाही काय सुरेख बसलीय! मी आत येऊन दार लावलं आणि रडलो.

रविवार, १४ तारीख

लेक आली. आईची खोली आवरायला घेतली. खिडकीतलं जाळं फाटून लोंबतंय. कोळीण नाही, खाली पडून गेली असेल. गोळी आहे. मी म्हटलं, त्या गोळीला हात लावायचा नाही.

मग दोरा सोडायला ती वाकली आणि तशीच कठड्याला धरून बसली. म्हणाली, "बाबा, एक सांगू? आईने नको म्हटलं होतं."

म्हटलं, सांग.

"आई हाक मारायला नव्हती धरत हा दोरा. तुम्ही मशीन चालवलं की तो थरथरायचा. तिला हाताला कळायचं तुम्ही आहात ते. जाड कापड, पातळ कापड, सगळं कळायचं. तुम्ही थांबलात की तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून ओढायची."

विचारलं, मला का नाही सांगितलंत? दोघींपैकी एकीने तरी?

"ती म्हणाली, त्यांना कळलं तर कापड नसतानाही मशीन हलवत बसतील माझ्यासाठी. गुडघे गेलेत त्यांचे."

बसलो असतो. देवाशपथ, रिकामं मशीन हलवत बसलो असतो. आणि मी काय केलं? दोन आठवडे, ती विचारत होती बसला होता ना, आणि मी तिला पांढरं बटण दिलं. दोन आठवडे ती त्या खोलीत एकटी होती. भिंतीपलीकडे मी होतो आणि ती एकटी होती. सगळं तिने कोळिणीचं नाव घेऊन मला सांगितलं, ते मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं, आणि दगडाला कळेल ते मला कळलं नाही.

लेकीला म्हटलं, तुला पायडल मारता येतं ना अजून? जा, बस मशीनवर. काहीही शिव.

कोटाच्या खांद्यात भरायचा कापूस कानांत बोळे करून घातला. हिच्या जागेवर आडवा झालो. हात कठड्याजवळ, दोऱ्यावर. आधी काहीच नाही. म्हटलं, माझ्या राठ बोटांना काय कळणार. डोळे मिटले. मग आलं. बारीक, झिणझिण, मुंगी चालावी तसं. लेक अडखळत शिवत होती, तेही कळलं. कोपऱ्यावर हळू झाली ते कळलं. तिची आई रोज, दिवस दिवस, हे धरून पडलेली असायची. मी किती तरी वेळ तसाच होतो.

आणि एकाएकी दोरा मेला. नुसता दोरा राहिला हातात. मी काही ठरवलं नव्हतं, हातच ओढला गेला.

डोळे उघडले तर लेक दारात उभी. ओठ हलले. ऐकू काही आलं नाही, पण ओठांवरून कळलं. "काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही. चालू दे."

घंटा: एक.